बारावी आठवण

दिवंगत वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वाटायच्या पुस्तिकेसाठी राजेंद्रने नातलगांनी धाडलेल्या अकरा आठवणींच्या फाइली संगणकावर एकत्र जोडल्या. जोडून झाल्यावर आठवणी बारा निघाल्या.

बारावीत लिहिले होते, “माझा आकाश जाऊन आज वर्ष झाले.” खाली राजेंद्रचेच नाव होते.

आकाश तर नुकताच आत्याला आणायला मोटारसायकलवरून वलवणला निघाला होता.

राजेंद्रने मुलाला फोन लावला. “कुटं हाईस? हाईस तितंच थांब. मी येतो.”

“बरं, पप्पा, हितंच वळणावर थांबतो. पण आत्या शिव्या घालंल.”

निघण्यापूर्वी राजेंद्रने ती आठवण पुसली आणि फाइली पुन्हा जोडल्या. ती परतली होती, आणि या खेपेस तिच्यात एक ओळ अधिक होती.

“मी त्याला त्या वळणावर थांबवले नसते, तर तो वाचला असता.”