हो म्हणणारी सून

"डाक्टर, मायी सून भांडून नाही राहिली."

डॉक्टर हसले. खुर्चीत बसलेली मेघाही हसली, पण जरा उशिरा. तान्ह्या लेकीला खांद्यावर घेऊन मागे उभा असलेला हेमराज ओशाळला. "माय, चाल ना घरी. बाळंतीण हाये, झोप होत नाही तिची."

कुंताबाई जागची हलली नाही.

सून सानगडीची, घर दिघोरीचं. दोन्ही गावं धानाची. लग्न झाल्यापासून ताटावर रोज एकच वाद: तांदूळ कोणाचा चांगला? आता सारं घर म्हणत होतं, लेकरू झालं अन् मेघा किती शांत झाली. कुंताबाईला ती शांतता टोचायला लागली. तिनं वरणात मीठ टाकलं नाही. मेघा जेवली. नातीचं नाव धुरपता ठेवू म्हटलं. ठेवा. शेवटी आज सकाळी—

"म्या म्हटलं, सानगडीचा तांदूळ म्हंजे निरा भुसा. तं 'हो' म्हणते, साहेब." कुंताबाई टेबलावर पुढे वाकली. "डोकं दुखते म्हणते. तेबी हळूच."

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी मेघाला डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावले. उजवा हात हळूहळू खाली आला. तिला कळलंही नाही.

एमआरआय. मंगळसूत्र काढा. जोडवी काढा. केसांतल्या पिना काढा. आत मशीन ठक ठक ठक. बाहेर कुंताबाई: मशीन एवढं डोक्यावर बडवून राहिली, अन् पोरगी उलटून बोलत नाही.

मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती.

"बाळंतपणानंतर होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "घरी ठेवली असती तर जिवावर बेतलं असतं."

इंजेक्शनं. गप्प. गोळ्या. गप्प. बरं. हो. गप्प.

मग एका दुपारी कुंताबाईनं डबा उघडून घास भरवला. मेघानं तोंड वाकडं केलं.

"हा दिघोरीचाच भात. घशाखाली उतरून नाही राहिला."

तांदूळ सानगडीचा होता. सुनेच्या तोंडाला चव यावी म्हणून कुंताबाईनं तो मुद्दाम तिच्या माहेराहून आणवला होता. जन्मभर पुरेल असं उत्तर जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं आणि पदर डोळ्यांना लावला.

मेघानं सासूकडे निरखून पाहिलं. मग लेकीला जोजवत बसलेल्या हेमराजला म्हणाली, "अहो, डाक्टरले बोलवा. आई भांडून नाही राहिल्या."