गुपचूप शिकलेलं इंग्रजी

कॅनडातल्या नातीशी, ईराशी, तिच्या भाषेत बोलून सगळ्यांना चकित करायचं, म्हणून वासणा भागात राहणाऱ्या कुमुदताई शेजारच्या हेतलबेनकडे गुपचूप इंग्रजी शिकल्या. गोष्टी सांगण्या-ऐकण्याबद्दलचे इंग्रजी वाक्प्रचार तर त्यांनी हौसेनं पाठ केले.

रविवारी मुलाचा, शेखरचा, व्हिडिओ कॉल आला. आधी मराठीत बोलायचं आणि मग हळूच इंग्रजी काढायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शेखर लहानपणी कमाटीबागेत हरवला होता, तो किस्सा त्यांनी सुरू केला. तोच ईरा बापाकडे वळून म्हणाली, "सेम ओल्ड स्टोरी, डॅड! टेल हर टू कट इट शॉर्ट."

कुमुदताईंना शब्द न् शब्द कळला. तरी सवयीनं त्यांनी विचारलं, "काय म्हणाली रे?"



शेखर नेहमीसारखाच हसला. "म्हणतेय, आजीच्या गोष्टी ऐकतच राहावंसं वाटतं."