चौथा पाय

पहिला पाय.

बाईंनी नमुन्याला दिलेली खुर्ची उलटी केली आणि बाकदार पायावरून बोट फिरवलं. वरच्या फुगीर गुडघ्यापासून खालच्या घोट्यापर्यंत ते कुठेच अडलं नाही.

"मशीननं?"

"छे हो! हातानं," दादा म्हणाला. "मशीन वळणाचं वाटोळं करतं."

हे वाक्य धाकटीचं होतं. ती मागच्या बाकावर पोलादी पत्तीला कानस लावत बसली होती.

दुसरा पाय.

"कोणी केलं?"

"मीच की! तीस वर्षं झाली या धंद्यात."

कानस थांबली.

"आणि या?"

"बहीण. पुसून-बिसून देते."

पुसून-बिसून! एकेका पायाचं जुनं वॉर्निश उतरवायला तिला दोन दिवस लागले होते. जुन्या करवतीतून पत्ती कापायची, पायाच्या वळणाला बेतून घासायची, मग दोन्ही अंगठ्यांनी दाबून वाकवत रेटायची. भुसा पडत नाही, कांद्याच्या सालीहून पातळ पापुद्रे पडतात. दादानं या पायांना अजून हातही लावला नव्हता.

तिसरा पाय.

बाईंनी वही उघडली. "सभागृहात अशा चाळीस आहेत. सगळ्या तुमच्याकडेच देऊ. आणि करणाऱ्याचं नाव दाराशी लावणार आहोत. काय लिहू?"

दादानं तोंड उघडलं.

"थांबा." धाकटी उठली. तिनं पत्ती त्याच्या तळहातावर ठेवली. "चौथा राहिलाय. बाईंना करून दाखव ना, दादा."

"आत्ता?"

"का? आज हाताला सुट्टी आहे?"

चौथा पाय.

दादानं पत्ती रेटली. वळणाच्या उतारानं यायचं, तो चढानं गेला. लाकूड किंचाळलं. तंतू उभे राहिले.

"बोथट आहे ही."

"आत्ताच धार लावलीय. तुझ्यासमोर."

बाई बघत होत्या. त्यानं दात आवळले, अंगठे रोवले, रेटत राहिला. दहा वेळा. बारा वेळा. पत्ती खणकन फरशीवर पडली.

"तापते गं ही!" तो अंगठे फुंकत म्हणाला.

धाकटी पुढे झाली. पत्ती उचलायला वाकली.

बाईंचं पेन वहीवर थांबलं होतं. त्या तिच्या अंगठ्यांकडे पाहत होत्या. दोन्हींना नखापासून पेरापर्यंत चिकटपट्टी गुंडाळलेली होती, काळी पडलेली.