उघडलेला घुमट

शहरावरचा घुमट अखेर उघडल्याची घोषणा झाली, तसे आकाशमित्र मंडळाचे सगळे सभासद गच्चीवर सतरंज्या टाकून आडवे झाले. इतकी वर्षं घुमटाच्या पडद्यावर दर हिवाळ्यात तोच चित्रित उल्कावर्षाव दिसायचा. आज खरा दिसणार होता.

नेहमीप्रमाणे दिशा वाटून घेतल्या. यमुनाताईंकडे पूर्व आली.

"पूर्व, मृगाच्या वर!" त्या सवयीने ओरडल्या. उल्का त्यानंतर पडली, नेमकी तिथेच.

पडद्यावरची पहिली उल्काही दर वर्षी तिथेच पडायची. शेजारी म्हातारे घारपुरे ऊर भरून श्वास घेत होते.

"ताई, बाहेरची हवा काय गोड लागते हो! डोळे मिटायच्या आत एवढंच हवं होतं."

पुढची उल्का यमुनाताईंनी पुरती विझू दिली आणि मगच हाळी दिली, "पूर्व!"