घोषणेआधीची बैठक

"हात दाखव," निवृत्त नर्सबाई म्हणाल्या.

शिक्षिकेने बाही आणखी खाली ओढली. "दार लागलं, काकू."

"दाराला बोटं नसतात गं."

चर्चमागच्या खोलीत त्या दोघीच होत्या. तिथली रीतच होती. लग्नाची घोषणा होण्याआधी नवरीने मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसायचं, मन मोकळं करायचं. त्या बाईने होकार कळवला, की मगच पाळकसाहेब रविवारी नावं वाचत. नर्सबाईंनी आजवर कितीतरी जोड्यांना होकार दिला होता. या पोरीवर तर त्यांचा जीवच जडला होता. ही ज्या घरात जाईल त्या घराचं सोनं करील, असं त्या चारचौघांत सांगत.

"पाळकसाहेब दुसऱ्या कुणाकडे पाठवत होते," शिक्षिका म्हणाली. "मीच तुमच्यासाठी हटून बसले. तुम्ही तोंडदेखलं बोलत नाही."

"मग ऐक. तुझा होणारा नवरा कसबी सुतार आहे, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर."

"नंतर रडतो हो. गुडघे टेकून माफी मागतो. माझं काळीज तुटतं."

"रडणं सोपं असतं. बदलतो का?"

शिक्षिका बाहीची कड बोटांनी मुरगाळू लागली.

"देवाने काळीज दिलं तसं डोकंही दिलंय. एकाचे लाड करताना दुसऱ्याला उपाशी ठेवू नकोस. क्षमा कर त्याला, खुशाल कर. पण क्षमा करायला लग्न करावं लागत नाही."

"मी सोडलं तर त्याचं कसं होईल?"

आठवडाभर हाच प्रश्न नर्सबाईंनाही छळत होता. 'हो म्हण, तुझ्या मायेने सुधारेल तो,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते निग्रहाने मागे लोटले.

"त्याला सुधारायला देव आहे, मंडळी आहे. तू औषध नाहीस, बाळ."

शिक्षिका पुष्कळ वेळ रडली. मग डोळे पुसून तिने बोटातली अंगठी काढली, टेबलावर ठेवली, नर्सबाईंना घट्ट मिठी मारली आणि मागच्या दाराने निघून गेली.

नर्सबाईंनी अंगठी उचलून मुठीत धरली. त्यांना भडभडून आलं. आपण योग्य तेच केलं हे ठाऊक होतं, पण त्याने दुःख काही कमी होईना.

तेवढ्यात पुढचं दार ढकलून सुतार आत आला. अंगात नवा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. त्याने खोलीभर नजर फिरवली.

"हो म्हणाली ना गं, आई?"