खांद्याचा सराव

वाळूची पिशवी खांद्यावर चढली खरी, पण तिच्या झोकाने घड्याळवाला स्वतःच कपाटावर जाऊन आदळला. वर ठेवलेला रिकामा डबा खणखणत खाली आला आणि पलंगाखाली गेला. तो श्वास रोखून तसाच उभा राहिला. बाहेरच्या खोलीत बाबा झोपले होते, आणि हल्ली त्यांचा डोळा मोठ्या मुश्किलीने लागायचा.

महिनाभर त्याचा हा उद्योग दाराआड चालला होता. आधी भिंतीला हात टेकून जोर, मग पाण्याचे कॅन, आता वाळू. आयुष्य गेलं डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळं दुरुस्त करण्यात. जड म्हणून काही उचललं असेल तर दुकानाचं शटर, आणि तेही कुरकुरत. बायकोने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की चाळिशी उलटल्यावर हे दंड आता कुणाला दाखवायचेत. त्याने पाठदुखीचं कारण पुढे केलं आणि वेळ मारून नेली.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. आईला शेवटचं खांद्यावरून नेताना जिन्याच्या वळणावर त्याचा तोल गेला आणि शेजारच्या ट्रक ड्रायव्हरने पुढे होऊन त्याची जागा घेतली. सख्ख्या मुलाला स्वतःच्या आईला रस्त्यापर्यंतही नेता आलं नाही. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. आता बाबांच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि बाबा तर आजारातही हाडापेराने चांगलेच दणकट. या खेपेला त्याची जागा घ्यायला कुणी पुढे यायला नको होतं, बस.

बाहेरून हाक आली. काय मोडलंस ते घेऊन इकडे ये, असं फर्मान निघालं. पिशवी लपवायला जागा नव्हती, तो ती तशीच छातीशी धरून बाबांच्या खाटेसमोर जाऊन उभा राहिला.

लोकांचं सामान हलवण्यात बाबांची हयात गेली होती. कपाटं, तिजोऱ्या, एकदा तर अख्खा पियानो त्यांनी चार मजले चढवला होता. आता पाण्याचा पेलाही दुसऱ्याने तोंडाला लावावा लागायचा. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग मुलाच्या दंडांकडे, आणि खुदकन हसले. घड्याळवाल्याने तेच पाठदुखीचं पुराण लावलं. बाबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सरळ शिकवायलाच घेतलं. गुडघ्यात वाक, वजन पोटाशी धर, पायांकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ, आणि श्वास कसला कोंडून धरतोस, तो सोड. कमरेतून असाच वाकत राहिलास तर माझ्या शेजारी तुझीही खाट टाकावी लागेल, हेही वर ऐकवलं.

उभ्या जन्मात बाबांनी त्याला काही शिकवलं नव्हतं. लहानपणी त्याच्या काटकुळ्या हातांकडे एकदा पाहून, याला बारीक कामाला लावा, एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. आज मात्र ते उशीला टेकून बसले होते, डोळे लखलखत होते आणि आवाजात जुना दरारा आला होता. पिशवी चुकीची धरली की चरफडत होते, बरोबर धरली की हुंकार भरत होते. घड्याळवाल्याला मजा वाटू लागली. पिशवी पहिल्यांदाच अलगद खांद्यावर बसली, तेव्हा तो चक्क हसला.

आणि मग त्याला आठवलं की आपण हे कशासाठी करतोय. बाप समोर धडधडीत जिवंत, हौसेने शिकवतोय, आणि आपण त्याच्याच देखत कसली तयारी करतोय! पिशवी टाकून द्यावी आणि पुरे म्हणावं, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात बाबांनी बोटाने दार दाखवलं. तिथपर्यंत जा, वळ आणि परत ये. तो निघाला. जाताना ठीक गेला. दाराशी वळला आणि त्याचा तोल गेला. एका हाताने त्याने चौकट धरली, दुसऱ्याने पिशवी सावरली. पिशवी पडली नाही.

बाबा चौकटीवरच्या त्याच्या हाताकडे बघत होते.

“आईच्या वेळीही तुझा तोल वळणावरच गेला,” ते म्हणाले. “मी मागेच होतो.”

घड्याळवाल्याने मान वर केली नाही. हे पाठीसाठीच आहे हो, असं काहीसं तो पुटपुटला, पण ते त्याचं त्यालाच खरं वाटेना. डोळ्यांत आलेलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

“जिन्यात तू वरच्या बाजूला राहा.” कुणाचं तरी कपाट उतरवायचं असावं तितक्या सहज बाबा सांगत होते. “उतरताना सगळा भार खालच्या माणसावर येतो. खाली त्या ड्रायव्हरला घे. रस्त्याला लागलात की मग तू पुढे ये.”

घड्याळवाल्याने गुडघ्यात वाकून पिशवी जमिनीवर ठेवली. बरोबर ठेवली, बाबांना बोलायला जागा उरली नाही. त्याला खाटेशी बसायचं होतं, बाबांचा हात धरायचा होता. पण बाबांनी पिशवीकडे बोट केलं.

“अजून कच्चा आहेस,” ते म्हणाले. “उचल परत. सावकाश, घाई नाही. मी थांबतो.”