फोटोखालचं नाव

"बाई, नाव सांगा ना! नावाबिगर हा डबा काईच देत नाई," घनश्याम तिसऱ्यांदा म्हणाला.

कुंताने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. "रोशनीचे बाबा," तीही तिसऱ्यांदाच म्हणाली.

हसावं की कपाळावर हात मारावा, घनश्यामला कळेना. सावली गावातल्या आपल्या स्टुडिओतले नऊ हजार फोटो त्याने तीन महिने खपून कॉम्प्युटरात चढवले होते. वडिलांच्या जुन्या निगेटिव्हसुद्धा. सगळ्यांवर नाव, गाव, साल. आणि ही बाई नवऱ्याचं नाव घ्यायला तयार नाही! "उखाण्यात तरी घ्या," तो बोलून गेला. तेवढ्यात तिचं कोरं कपाळ दिसलं आणि त्याने जीभ चावली.

गेल्या पावसाळ्यात वैनगंगेत तिच्या नवऱ्याचा डोंगा उलटला, तेव्हा काठावरून सारा गाव त्याला नावाने हाका मारत होता. कुंता तेवढी "अवो, अवो" म्हणूनच ओरडली होती. त्याचा एकुलता एक फोटो मतदार कार्डावर, आणि ते कार्ड त्याच्या खिशातच नदीत गेलं. पाच वर्षांची रोशनी आता रोज विचारायची, बाबा कसे दिसत होते? परवा तिने भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं. "असे?" त्या दिवशी कुंता जेवली नाही. आज तिने सावलीची पहिली बस धरली.

"आमच्या गावच्या रीताच्या लग्नात पंगतीत वाढत होते जी," ती म्हणाली.

रीताचं लग्न निघालं. साडेतीनशे फोटो. बऱ्याच वेळाने कुंताचं बोट थांबलं. नवरदेवाच्या मागे, हातात वरणाची बादली, चेहरा नखाएवढा.

चेहऱ्यावरून माणूस हुडकणारं नवं सॉफ्टवेअर त्या साली, दोन हजार नऊमध्ये, घनश्यामने नुकतंच टाकलं होतं. विश्वास काही बसला नव्हता. त्याने त्या चेहऱ्याभोवती चौकट ओढली आणि खाली मुकाट्याने लिहिलं, रोशनीचे बाबा. पडदा जरा गप्प राहिला. मग एक चेहरा आला. मग दुसरा. मग भराभर.

मच्छीमार सोसायटीच्या सभेत मागच्या रांगेत. कुणाच्या तरी मांडवाचा बांबू धरून. पंधरा ऑगस्टला, खांद्यावर रोशनी. अकरा ठिकाणी तोच माणूस.

"बापा रे! अकरा डाव हा मानूस माह्यासमोर होता," घनश्याम पुटपुटला, "अन् म्या याले एकदाबी पाह्यलं नाई."

कुंताने हात पदराला पुसला आणि पडद्यावरच्या एकेका चेहऱ्याला हळूच बोट लावलं.

अगदी शेवटी एक काळापांढरा फोटो आला, खाली प्रश्नचिन्ह घेऊन. घनश्यामच्या वडिलांनी काढलेला. कबड्डीची टीम. त्यात मिसरूडही न फुटलेला एक पोरगा छाती काढून उभा होता. हाच का, असं यंत्र विचारत होतं.

कुंता पुढे वाकली. ती लग्न होऊन आली तेव्हा तो पंचविशीचा होता. हा पोरगा तिने कधी पाहिलाच नव्हता. पण डाव्या भुवईतली चीर तीच होती.

"तेच हायेत! अवो माय, मले जे ठाऊक नाई, ते याले कसं ठाऊक?"

घनश्यामने हो म्हणून बटण दाबलं. फोटोखाली आपोआप अक्षरं उमटली.

"काय लिवलं त्यानं?"

"तुमीच सांगतलं ते. रोशनीचे बाबा."

कुंता त्या पोराकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग तिने नाही म्हणून मान हलवली.

"खोडा ते, भाऊ. इथी रोशनी नाई. मीबी नाई. इथी ते माहे कोनीच लागत नाई."

"मंग काय लिवू?"

तिचा पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता. तिने तो सावरला नाही.

"सोमाजी," ती म्हणाली. "सोमाजी लिवा."